मोटारीच्या वंगणाचा पंप

संस्कृतांत तेलातुपास ‘स्नेह’ म्हणतात आणि मायेसही ‘स्नेह’च म्हणतात. ‘स्निह्’ धातूच्या पोटीं ओलावा आणि प्रेम हे दोन्ही अर्थ सुखानें नांदतात. हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे, हें ज्यांनीं चरकसंहिता चाळली आहे त्यांस सांगावयास नको. सूत्रस्थानांत अभ्यंगाचें महत्त्व वर्णितांना तेथें तीन दृष्टान्त आले आहेत. तेल मुरलेला घट, तेल चोळलेलें चामडें आणि वंगण दिलेला गाड्याचा आंस हे जसे बळकट व क्लेश सोसणारे होतात, तसें अभ्यंगानें शरीर होतें, असा त्यांचा आशय. पुढें विमानस्थानांत कालमृत्यु आणि अकालमृत्यु यांचा भेद समजावून देतांना पुन्हां आंसच पुढें येतो. गुणसंपन्न आंस बेताचें ओझें वाहत वाहत आपल्या कालानें झिजून संपतो. परंतु तोच आंस अतिभारानें, वाईट वाटेनें किंवा वंगण न मिळाल्यानें मध्येंच मोडतो.

मराठवाड्यांतील माझ्या वयाच्या वाचकांनीं हा आंस डोळ्यांनीं पाहिलेला आहे. बैलगाडीखालीं एक नळकांडें लोंबत असे, त्यांत एरंडेलांत कालवलेलें काळेंकुट्ट वंगण असे, आणि चाक कुरकुरूं लागलें कीं गाडीवान खालीं उतरून तें काडीनें आंसाला लावीत असे. एरंडेलाचा हा मान पुढें मोटारींतही कांहीं काळ टिकला. वेकफील्ड नांवाच्या इंग्रज व्यापाऱ्याच्या कंपनीनें १९०९ सालीं आपल्या नव्या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ हें नांव दिलें, तें त्यांत मिसळलेल्या ‘कॅस्टर’ तेलावरून, म्हणजे आपल्या एरंडेलावरूनच.

परंतु गाडीवानाचा हात मोटारीला पुरत नाहीं. एंजिनांतील क्रँकशाफ्ट मिनिटाला तीन-चार हजार फेरे घेतो, आणि तो ज्या बेअरिंगांत फिरतो त्यांना क्षणभरही कोरडें राहून चालत नाहीं. गाडीवानाचें तें काम तेथें पंप करतो. तो तळच्या चेंबरांतून तेल ओढतो, गाळणींतून काढतो आणि एंजिनाच्या अंगांत कोरलेल्या वाटांनीं प्रत्येक बेअरिंगाच्या तोंडाशीं पोंचवितो. जुन्या मोटारीचें एंजिन नव्यानें बांधतांना हा पंप कोणता घ्यावा, यावर आमच्या घरांत तीन महिने वाद चालला. त्या वादांत जें कळलें तें येथें सांगावयाचें आहे.

आमचें कुटुंब अर्धें लातूरला आणि अर्धें नांदेडला असतें. थोरले बंधू लातुरास वकिली करीत, मी नांदेडला मास्तरकी केली. बंधूंच्या दारांत १९७२ सालची ॲम्बॅसडर होती. ही मोटार बंगालमधील उत्तरपाऱ्याच्या हिंदुस्थान मोटर्सनें इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतली आणि १९५७-५८ पासून मे २०१४ पर्यंत काढली. आमच्या गाडींत आहे तें ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेंतील १४८९ घनसेंटिमीटरांचें एंजिन होय. आणि येथेंच या सुस्तावलेल्या संसारी मोटारीचें कुळ उघड होतें. त्याच १४८९ च्या एंजिनावर एमजी कारखान्यानें १९५५ सालीं ‘एमजीए’ ही दोन आसनांची, ठेंगणी, चपळ, शर्यतीच्या बाण्याची गाडी काढली होती. १९६२ सालीं आलेल्या ‘एमजीबी’चें १७९८ चें एंजिन याच मालिकेंतलें. कार्ब्युरेटर दोन आणि कॅमशाफ्ट निराळा, तरी मूळ ठेवण तीच. एका गोत्राचे दोन भाऊ. एक पैज लावून धांवला आणि दुसऱ्यानें पंचवीस वर्षें अशिलांना कोर्टांत पोंचविलें.

बंधूंचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यांत एंजिनियर आहे. जुन्या एमजी गाड्यांचें त्याला वेड आहे, आणि वडिलांच्या एंजिनाचें हें गोत्र कळल्यापासून तें वेड वाढलें. बंधू गेल्यावर लातुरांत धूळ खात पडलेली ती गाडी त्यानें ट्रकवर घालून माझ्याकडे नांदेडला आणली, कारण या एंजिनांवर हात बसलेले एक वृद्ध वस्ताद येथें अजून आहेत. पुतण्याच्या मनांत एमजीएचा कॅमशाफ्ट, दोन कार्ब्युरेटर आणि इंग्लंडाहून मागवलेला अधिक क्षमतेचा, म्हणजे दर फेऱ्याला नेहमीपेक्षां जास्त तेल फेंकणारा पंप होता. वहिनींच्या मनांत निराळेंच. “भाऊजी, मला वेग नको. यांच्या गाडींतून एकदां माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जाऊन आणा म्हणजे झालें,” एवढेंच त्या म्हणाल्या.

गाडी बंद कां पडली होती तें येथें सांगितलें पाहिजे. बंधू असतांनाच, सुमारें दहा वर्षांपूर्वीं, तेलाच्या दाबाचा कांटा खालीं खालीं राहूं लागला. हा कांटा बंधूंनीं हौसेनें मागाहून बसवून घेतला होता. गाडी एका कारखान्यांत दाखविली. तेथें नवा पंप घातला, आणि तेवढ्यानें भागेना म्हणून रिलीफ व्हॉल्वच्या स्प्रिंगखालीं एक जाड वॉशर दडपला. कांटा एकदम वर गेला. सर्वांस समाधान वाटलें. दीड वर्षानें लातूरहून नांदेडला येतांना अहमदपूर सोडून माळाकोळीच्या अलीकडे एंजिनांतून ठोके ऐकूं येऊं लागले. चेंबर उघडलें तर तळाशीं बेअरिंगांचा चुरा सांपडला. कांटा शेवटच्या दिवसापर्यंत बरा दिसत होता, ही त्यांतली विशेष गोष्ट.

असें कां व्हावें? या प्रश्नाचें उत्तर वस्तादांनीं आपल्या दखनी बोलींत एका वाक्यांत दिलें: “गुरुजी, पंप तो खाली तेल देता, दाब बेअरिंगां देते.” पुतण्या हंसला नाहीं. त्याच्या पुस्तकांतही तेंच होतें, फक्त इंग्रजींत आणि चार पानें लांब.

लातूरकरांना हें समजणें कठीण जाऊं नये. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून ‘जलदूत’ आगगाडी पहिल्यानें पांच लाख लिटर पाणी घेऊन लातुरांत आली, तेव्हां घरोघर नळ आणि टांकी हाच विषय होता. नळाला जोर कशानें येतो? पाण्याच्या वाटेंत अडथळा असतो म्हणून. तोंडावर बोट धरलें कीं धार लांब जाते. गल्लींतील दहा जोड गळके असले कीं मुख्य टांकी भरलेली असूनही शेवटच्या घरीं नळ सुस्कारा टाकतो. एंजिनांत क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधील फट हीच ती नळाची तोटी. पंप ठराविक तेल ढकलतो, तें या फटींतून बाहेर पडतांना जो विरोध होतो त्याला आपण दाब म्हणतों. फट वाढली कीं दाब उतरतो. त्या वेळीं मोठा पंप बसवणें म्हणजे गळके जोड तसेच ठेवून वर दुसरी मोटर लावणें.

फटीचें गणितही मोठें निर्दय आहे. पातळ फटींतून वाहणारें तेल फटीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. फट दुप्पट झाली तर गळती आठपट. या एंजिनांत मुख्य बेअरिंगाचा जर्नल सुमारें दोन इंच व्यासाचा असतो, आणि जुना ठोकताळा असा कीं दर इंचाला एक थाऊ फट ठेवावी. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. त्या हिशेबानें दोन थाऊ हवी. वस्तादांनीं बेअरिंगांत प्लॅस्टिगेजचा बारीक धागा ठेवून, झांकण आवळून, पुन्हां उघडून चपटलेल्या धाग्याची रुंदी मोजली, तों एके ठिकाणीं पांच थाऊ निघाली. अडीचाचा घन साडेपंधरांहून अधिक होतो. म्हणजे तेथून पंधरापट तेल वाया जात होतें आणि पलीकडच्या बेअरिंगांच्या वाट्याला उरलेलें येत होतें. पंगतींत पहिल्या पानावरच तुपाची तांबली उपडी झाली तर शेवटच्या पानाचें काय व्हावयाचें? एंजिनांतील शेवटचें पान म्हणजे माथ्यावरील रॉकर, आणि तेही आमच्याकडे चांगलेच झिजले होते.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो बऱ्याच शहाण्या माणसांतही आढळतो. क्रँकशाफ्टचा भार पंपाचा दाब उचलीत नाहीं. फिरणारा जर्नल स्वतःच आपल्या बाजूचें तेल ओढून पाचरीसारखें खालीं घालतो आणि त्या पाचरीवर तरंगतो. पाचरींतील दाब कांट्यावरील आंकड्याच्या कितीतरी पट असतो. पंपाचें काम एवढेंच, कीं ती फट सदैव भरलेली ठेवावी. म्हणूनच रिलीफ व्हॉल्वखालीं वॉशर दडपून फुगविलेला आंकडा बेअरिंगाला कांहींच देत नाहीं. हा व्हॉल्व म्हणजे स्प्रिंगनें दाबून धरलेला लहानसा दट्ट्या. दाब फार वाढला कीं मागें सरून जास्तीचें तेल चेंबरांत परत सोडतो. थंड एंजिनांत दाट तेल असतां तो उघडला नाहीं तर गाळणी आणि पंप फिरविणारीं दांत्यांचीं चाकें यांवर भलता ताण येतो. या मालिकेंत पंप कॅमशाफ्टवरील तिरप्या दांत्यांनीं फिरतो, म्हणजे पंपाचा प्रत्येक हट्ट कॅमशाफ्टच्या दांत्यांना सोसावा लागतो.

आतां मेजावर तीन पंप आले. पहिला गाडींतूनच निघालेला. दुसरा दिल्लीच्या बाजारांतून आलेला, कोरा, चकचकीत, खोक्यावर मूळ कारखान्याचा भास व्हावा असें चित्र. तिसरा पुतण्यानें इंग्लंडाहून मागविलेला, अधिक क्षमतेचा, एमजीवाले वापरतात तो. या कुळांत कांहीं एंजिनांत दोन दंतचक्रांचा पंप असतो आणि कांहींत फिरकीचा. आमचा फिरकीचा निघाला. त्यांत चार पाकळ्यांची आंतली फिरकी पांच खळग्यांच्या बाहेरच्या कड्यांत किंचित् तिरक्या केंद्रानें फिरते. एका बाजूस पोकळी वाढते तेथें तेल शिरतें, दुसऱ्या बाजूस आंवळते तेथून तें बाहेर पडतें. इतका साधा आणि इतका चतुर पदार्थ मीं फार थोडा पाहिला आहे.

वस्तादांनीं तिन्ही पंप उघडले. एमजीबीच्या दुरुस्तीच्या पुस्तकांत तीन मर्यादा दिल्या आहेत: दोन पाकळ्यांच्या टोकांमधील फट सहा थाऊंहून अधिक नसावी, बाहेरचें कडें आणि पंपाचें घर यांत दहांहून अधिक नसावी, आणि झांकणाखालीं फिरकीची उभी ढिलाई पांचांहून अधिक नसावी. पुतण्यानें त्या वहींत उतरून घेतल्या आणि फीलर गेज घेऊन बसला. जुन्या पंपांत पाकळ्यांशीं पांच, कड्याशीं नऊ, ढिलाई सात. म्हणजे एकच दोष, तोही दुरुस्त होणारा. दिल्लीच्या कोऱ्या पंपांत कड्याशीं बारा. आठ वर्षें बंद असलेल्या गाडींतील झिजका पंप बरा आणि खोक्यांतला नवा पंप नापास, हें पाहून पुतण्यानें पुन्हां एकदां मोजलें. बाराच आले. नवेपणा हा गुण नव्हे, मापें हा गुण, हें शाळेंत आम्ही मुलांना व्याकरणाच्या निमित्तानें सांगत असूं. येथें तें लोखंडावर कोरलेलें दिसलें.

इंग्लंडचा पंप मापांत अगदीं चोख होता. मग तो कां घालूं नये? या ठिकाणीं घरांतील वाद रंगला. पुतण्याचा पक्ष अगदींच लंगडा नव्हता. जो शर्यतीसाठीं एंजिन बांधतो, फटी मुद्दाम थोड्या सैल ठेवतो, तेल थंड करण्यास पुढें वेगळी जाळी बसवितो आणि तासन् तास उच्च फेऱ्यांवर गाडी हांकतो, त्याला जास्त तेल लागतें. तेथें मोठा पंप योग्यच. परंतु ज्याचीं बेअरिंगें नवीं आणि फटी नेमक्या, त्या एंजिनांत तें जास्तीचें तेल जाणार कोठें? रिलीफ व्हॉल्वमधून परत चेंबरांत. तें ढकलण्यास लागलेली शक्ति फुकट, त्यानें तेल तापणार तें वेगळेंच, आणि कॅमशाफ्टच्या दांत्यांवरील ओझें वाढणार. शिवाय आमचें एंजिन तीन मुख्य बेअरिंगांचें. १९६४ नंतरच्या एमजीबीचें पांचांचें. कूळ एक म्हणून एकाचा पंप दुसऱ्यास निमूट बसेल असें नाहीं. पंपाचें बूड, त्याचे बोल्ट आणि दांड्याची लांबी हीं एकमेकांशीं ताडून पाहिल्याशिवाय असा सौदा करूं नये. सगोत्र असलें तरी पत्रिका पाहावीच लागते.

निर्णयाला घाई नव्हती, पण चुकीला जागाही नव्हती. क्रँकशाफ्टचे जर्नल एकदां घांसले कीं ते बारीक होतात आणि त्या मापाचीं जाड बेअरिंगें घालावीं लागतात. हीं दहा, वीस, तीस आणि चाळीस थाऊंच्या पायऱ्यांनीं मिळतात. आमचा क्रँकशाफ्ट पूर्वींच तिसाच्या पायरीवर होता. आतां घांसला म्हणजे चाळीस, आणि चाळिसाच्या पुढें बाजारांत आमच्यासाठीं कांहीं नाहीं. पुन्हां एकदां बेअरिंगें कोरडीं पडलीं असतीं तर बंधूंची गाडी हातगाडीच्या मोलाची झाली असती. वहिनींना हे आंकडे कोणी सांगितले नव्हते. तरी त्यांनीं एका रात्रीं पुतण्याला सरळ विचारलें, “पुन्हां बिघडलें तर पुन्हां होईल ना रे?” तो गप्प राहिला. मला वाटतें, इंग्लंडच्या पंपाचा हट्ट त्या रात्रीं सुटला.

जर्नल चाळिसावर घांसून आले. नवीं बेअरिंगें घालून धागा ठेवला, तों सर्वत्र दोनाच्या आंतबाहेर फट. मग जुन्या पंपाकडे वस्ताद वळले. झांकणाच्या दोन खुंट्या काढून घेतल्या, एक जाड, सपाट कांच मेजावर ठेवली, तीवर बारीक घांसण्याची पूड तेलांत कालवून पसरली, आणि पंपाच्या घराचें तोंड आठाच्या आंकड्यासारखें हळूंहळूं फिरवीत घांसलें. चहाचे दोन पेले होईपर्यंत उभी ढिलाई सातावरून तिनावर आली. कडें परत बसवितांना त्याची गोलवलेली कड घराच्या आंतल्या बाजूस, म्हणजे दांडा येतो त्या बाजूस, राहिली पाहिजे, हें त्यांनीं पुतण्याला दोनदां दाखविलें. व्हॉल्वखालचा वॉशर काढून टाकला आणि मूळ मापाची स्प्रिंग घातली. पुतण्याचा सर्व उत्साह वाया गेला असें नाहीं. दोन कार्ब्युरेटर त्यानें बसविलेच. मीं विरोध केला नाहीं. बंधूंनाही चाललें असतें.

पंप कितीही चांगला असला तरी कोरडा असतां तो तेल ओढीत नाहीं. ही गोष्ट पुष्कळ नव्या एंजिनांचा पहिल्याच मिनिटांत घात करते. म्हणून बसविण्यापूर्वीं त्याचें पोट व्हॅसलीनसारख्या मलमानें भरतात, नव्या गाळणींत आधीं तेल ओततात, आणि ठिणगीचे प्लग काढून ठेवून एंजिन नुसतें फिरवितात. आमच्या गाडीचा हँडल अजून शाबूत होता. मी आणि पुतण्या आळीपाळीनें फिरवीत होतों. साठ-सत्तर फेरे झाले तरी कांटा शून्याला चिकटलेला. वस्ताद बिडी न ओढतां उभे होते, यावरून प्रसंगाचें गांभीर्य ओळखावें. मग कांटा थरथरला, आणि हातानें फिरविलेल्या एंजिनावर दहा पौंडांच्या आसपास येऊन टेकला. त्यानंतरच प्लग लावून किल्ली फिरविली.

एमजीबीच्या पुस्तकांत तापलेल्या एंजिनास चालतां पन्नास ते ऐंशी आणि थांबून फिरतांना दहा ते पंचवीस पौंड दाब सांगितला आहे. आमच्यासारख्या संसारी एंजिनाला, दर हजार फेऱ्यांस दहा पौंड हा जुना ठोकताळा पुरे. लोह्यापर्यंत जाऊन परत आलों. चालतां पंचेचाळीस, आणि देगलूर नाक्यावर गर्दींत थांबलों तेव्हां अठरा. पूर्वीं वॉशर दडपलेला असतां कांटा याहून वर दिसे, हें पुतण्यानें स्वतःच बोलून दाखविलें.

इंग्लंडचा पंप मेणकागदांत गुंडाळून कपाटांत ठेवला आहे. पुतण्या म्हणतो, पुढेंमागें एमजीए मिळालीच तर तिच्यासाठीं. पांचशें किलोमीटर झाले कीं नव्या एंजिनांतील तेल व गाळणी बदलावयाची, तोंवर गाडी लांब न्यावयाची नाहीं, असें वस्तादांनीं बजावलें आहे. हें लिहीत असतां तीनशें चाळीस झाले आहेत. वहिनी रोज संध्याकाळीं दिवा लावून झाला कीं फोनवरून आंकडा विचारतात.